गाळाखालची मागची खोली

१

टपरीवर उभ्यानेच मिरीचं दाट सूप संपवायचं, ओठ पुसायचे आणि लोखंडी जिन्याने जमिनीत उतरायचं. तान सूयुनची सकाळ गेली काही वर्षं अशीच सुरू होत होती.

काइफंगच्या दक्षिण दरवाज्याजवळचं हे खोदकाम एका अजस्र पत्र्याच्या छपराखाली चाले. वर रस्त्यावर शेवंतीच्या सणाची धांदल होती. चौकाचौकात पिवळ्या फुलांचे ढीग लागले होते आणि बाहेरगावच्या बायका त्यांच्यासमोर उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या. जिना उतरू लागलं की तो कलकलाट पायरीपायरीने मागे पडे. बाजूच्या मातीत आधी कोळशाची राख आणि फुटकी कौलं दिसत, मग जुन्या विटा, आणि मग नुसता गाळ. पिवळ्या नदीचा, मऊ, पिठासारखा गाळ. त्यात ना खडा, ना मुळी. माणसाने मान वर करून बघावं एवढा त्याचा जाड थर होता. त्या थराच्या खाली मिंग राजवटीतला, जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीचा रस्ता होता आणि रस्त्याच्या कडेला घरं. ज्या शरद ऋतूत शहराला वेढा पडला होता आणि बांध फुटला, त्या ऋतूत ती होती तशी बुडाली.

सूयुन साफसफाईच्या गटात होती. खोदणारे मोठा गाळ काढून जायचे, मग ही आणि तिची जोडीदारीण मेइफंग गुडघ्यांवर बसून, बांबूच्या काड्या आणि कुंचले घेऊन विटेविटेवरचा गाळ उतरवायच्या.

त्या आठवड्यात त्यांच्याकडे एक लहानसं घर आलं होतं. पुढे दुकान, मध्ये अंगण, डावीकडे स्वयंपाकघर, मागे एक खोली. मागच्या खोलीच्या दाराशी गाळ अजून तसाच होता.

"तू काल खाली बघितलंच नाहीस," मेइफंग म्हणाली.

"कुठे?"

"त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. मी दोनदा ठेचकाळले. वाकडा आहे तो, एका बाजूला उंच. तू बादली घेऊन गप्पा मारत मारत आलीस आणि बरोबर त्याच ठिकाणी पाय उचललास. वर मानही वाकवलीस. मान कशाला वाकवलीस गं? वर तर नुसतं ते उंच छप्पर आहे, चौकट कुठेय?"

सूयुन हसली. "म्हातारी झाले. मान आपोआप वाकते."

पण दुपारी तिने मुद्दाम डोळे मिटले आणि अंगणातून स्वयंपाकघराकडे चालत गेली. उंबऱ्यापाशी तिचा उजवा पाय आपणहून उंच झाला. मान खाली गेली. आत शिरताच डावा हात भिंतीवर खांद्याच्या उंचीला गेला, काहीतरी अडकवायला गेल्यासारखा, आणि बोटांना गंजलेल्या लोखंडाचा एक बोथट खिळा लागला.

लहानपणी शाळेतून आल्यावर ती दप्तर असंच, न बघता अडकवायची.

२

ती आणि तिचे बाबा आता शहराच्या पश्चिमेला, नव्या वसाहतीत, उंच इमारतीत राहत होते. जुनी गल्ली खोदकामासाठी पाडली तेव्हा सगळ्यांना तिकडे घरं मिळाली होती. लिफ्ट होती, चोवीस तास गरम पाणी होतं. शेजारपाजारचे म्हातारे खाली बागेत पत्ते कुटत बसायचे. सूयुनचे बाबा, तान देरुन, मात्र एका जागी बसतच नसत. जन्मभर सायकली दुरुस्त केलेला तो माणूस आता दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरत राही. कधी भिंतीला हात लावी, कधी जमिनीकडे बघत थांबे, पुन्हा चालू लागे.

"बाबा, बसा हो जरा. माझंच डोकं गरगरायला लागलं."

"तुम्ही कुठपर्यंत आलात?" हा त्यांचा रोजचा प्रश्न.

"अंगणापर्यंत. आणि ऐका, गंमत सांगते. ते घर आपल्या घरासारखं आहे. अगदी तस्संच. आमचे खोदकामाचे प्रमुख आहेत ना, ओयांग सर, त्यांना विचारलं मी. ते म्हणाले, त्यात नवल काय? पूर ओसरला की लोक परत यायचे, गाळातून आपल्या भिंतीचं टोक वर आलेलं दिसलं की त्यावरच नवी भिंत उचलायचे. घरावर घर, विहिरीवर विहीर. आपली गल्ली बरोब्बर त्याच्यावर होती."

हे सांगताना तिला स्वतःलाच बरं वाटलं. वाकड्या भिंतीवर वाकडी भिंत चढली असणार. तेवढंच. खिळ्याचं तिने सांगितलं नाही.

बाबा वाटीतली शेवई चिवडत होते. ते चिवडायचे थांबले.

"मागची खोली?"

"ती पुढच्या आठवड्यात."

"राहू दे ती."

"राहू दे म्हणजे? मी काय मालकीण आहे का तिथली?"

बाबा उठले आणि पुन्हा फिरू लागले.

जुन्या घरात त्यांच्याकडेही मागची खोली होती. तिथे कोळसा ठेवत. कोणी झोपत नसे. फक्त एका उन्हाळ्यात, आई छातीच्या दुखण्याने पडून होती तेव्हा, तिथे गारवा असतो म्हणून तिची बाज तिकडे नेली होती. आणि त्याच उन्हाळ्यात आई गेली. मेली नाही, गेली. गल्लीतल्या बायका म्हणत, फिरत्या नाटकमंडळीतल्या सारंगीवाल्याबरोबर पळाली. सूयुन तेव्हा शाळेत होती. बाबांनी ना पोलिसात कळवलं, ना कुठे शोधलं. "गेली," एवढंच म्हणाले. सूयुनने मग सगळा राग आईवरच काढला. लग्न मोडलं तेव्हासुद्धा तिला पहिल्यांदा आईचाच राग आला होता.

३

दुपारी सगळे जेवायला वर गेले होते. सूयुनने डबा खालीच उघडला होता. खड्ड्यात पाणी साठू नये म्हणून पंप सतत घरघरत असत, इतके की ती घरघर कानांना ऐकूच येत नसे. त्या दुपारी वीज गेली. पंप थांबले, आणि मग कळलं शांतता म्हणजे काय ते.

त्या शांततेत, मागच्या खोलीच्या विटांपलीकडे, कोणीतरी स्टूल सरकवलं.

सूयुनने घास तसाच तोंडात धरला.

लाकडी स्टूल. फरशीवरून थोडंसं ओढलेलं, बसण्यापूर्वी आपण ओढतो तसं. मग खोकल्याची बारीक उबळ, दाबलेली. मग काही नाही.

'पाणी,' तिने स्वतःला समजावलं. 'पंप बंद पडले की पाणी चढतं, गाळ बसतो, विटा सरकतात. ओयांग सरच सांगतात ना, माती बोलते म्हणून.' तिने घास गिळला, उठली, भिंतीपाशी गेली आणि विटेवर तळवा ठेवला. इथे खाली उन्हाळ्यातसुद्धा विटा बर्फासारख्या असत. ही भिंत कोमट होती. पुष्कळ माणसं एका खोलीत बराच वेळ बसली की भिंती होतात, तशी.

वीज आली. पंप घरघरले. मेइफंग जिन्यावरून ओरडली, "अगं, भिंतीला मिठी काय मारतेस? नवरा मिळाला वाटतं खाली!"

"मेइफंग, इकडे ये. हात लाव."

मेइफंगने हात लावला, झटकन काढला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "पंपाची मोटर पलीकडेच आहे ना. तिने तापली असेल."

मोटर दुसऱ्या टोकाला होती. ते दोघींनाही ठाऊक होतं. त्याच दिवशी मेइफंग रस्त्याच्या कामावर बदली मागून गेली, आणि बदली का मागितली ते तिने सांगितलं नाही.

४

दोन-तीन दिवसांनी सकाळीच वरून आरडाओरडा ऐकू आला. सूयुन धावत जिना चढली. फाटकाशी तिचे बाबा, घरातल्या चपला घालून, पहारेकऱ्याचा हात झटकत उभे होते. समोर ओयांग सर. मोठा भला माणूस, पण त्या क्षणी पुरता गोंधळलेला.

"आजोबा, आत धोका आहे. पाय घसरेल तुमचा."

"तुम्ही ती खोली उघडू नका. बाकी काय ते खणा. रस्ता खणा, देऊळ खणा. तेवढी खोली सोडा."

"का पण, आजोबा? तिथे काही आहे का? तुमच्या कुटुंबाचं काही?"

बाबांनी पहारेकऱ्याचा हात पुन्हा झटकला. भोवती खोदकामाची पोरं जमली होती, एकदोघांचे फोन वर झाले होते. सूयुनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने बाबांचा दंड धरला.

"सर, माफ करा. वय झालंय त्यांचं. घर पाडलं ते मनाला लागलंय."

"माझं वय झालंय, कान नाही गेले," बाबा म्हणाले.

बसथांब्यावर ती त्यांच्यावर खेकसली. "माझी नोकरी घालवायची आहे का तुम्हाला? काय आहे त्या खोलीत?"

बाबा शेवंतीच्या ढिगाकडे बघत राहिले. त्यांचे पाय उभ्या जागी हलत होते, चालत असल्यासारखे.

"उघडतील तेव्हा तू तिथे राहू नकोस. एवढं ऐक माझं."

"सांगा मग. का?"

बस आली. ते चढले आणि त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

५

दाराचा गाळ निघाला. आत लाकडी फळ्यांचा ठसा तेवढा उरला होता आणि त्यामागे, कोणीतरी घाईघाईने रचलेल्या विटा. पुराचं पाणी आत येऊ नये म्हणून लोकांनी आतूनच दार चिणून घेतलं असावं, असं ओयांग सर म्हणाले. सगळे हलकेच बोलत होते. आत गाळ भरलेला असणार, त्यात काय सापडेल ते सापडेल, म्हणून फोटोवाल्याला बोलवायला आणि मोठे दिवे आणायला मंडळी वर गेली. "सूयुन, तोवर वरच्या विटांच्या कडा मोकळ्या करून ठेव," सर म्हणाले. तिने नाही म्हणायला हवं होतं. पण कारण काय सांगणार?

तिने काडी सांध्यात घातली. माती भुसभुशीत होती. दुसऱ्यांदा घातली, आणि वीट आपल्या आपण आत गेली. आत पडल्याचा आवाज आला नाही. कोणीतरी ती झेलावी आणि हळूच खाली ठेवावी, तसं काहीसं झालं.

भोकातून उबदार, कोंदट वारा तिच्या तोंडावर आला. ओल्या कपड्यांचा वास, घामाचा, शिळ्या भाताचा.

तिने डोळा लावला.

आत गाळ नव्हता. कागदी खिडकीतून दुपारचं ऊन गाळून यावं तसा पिवळट उजेड होता, आणि तो कुठून येत होता ते दिसत नव्हतं. विटेएवढ्या भोकातून तिला फक्त खालचा भाग दिसला. भिंतीला लागून बाक, आणि बाकावर ओळीने गुडघे. गुडघ्यांवर गाठोडी. गाठोड्यांवर हात. गुडघ्यांपासून खाली सगळं ओलं, निथळणारं. पायांत कापडी जोडे. एक पाय सारखा हलत होता, वाट बघून कंटाळलेल्या माणसाचा हलतो तसा. आणि कापडी जोड्यांच्या त्या ओळीत, शेवटून दुसऱ्या जागी, एक गुलाबी प्लास्टिकची चप्पल होती. तिचा पट्टा तुटला होता आणि तो सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने जोडलेला होता.

तसं जोडणारा माणूस अख्ख्या गल्लीत एकच होता.

"उजेड दिसतोय," आत एक पुरुषी आवाज म्हणाला. "बाहेर कोण आहे?"

सूयुनने डोळा हलवला नाही.

"अहो, बाहेर कोण आहे? पाणी ओसरलं का?"

आवाजात भीती नव्हती. नुसता त्रासिकपणा होता, फार वेळ ताटकळलेल्या माणसाचा. मग ओळीतून कुजबूज उठली, एकमेकांना गप्प करण्याची शुकशुक झाली, आणि त्या शांततेत दुसरा आवाज आला. बाईचा, खोकल्याने चिरकलेला.

"यून्या? यून्या, तू आहेस का गं? शाळा सुटली वाटतं. पाणी ओसरलं का बघ ना, बाळा."

सूयुनला 'हो' म्हणायचं होतं. तो शब्द तिच्या जिभेवर आला होता. एवढा राग, एवढी वर्षं, आणि आई इथे, हाताच्या अंतरावर, अजून त्याच दुपारी बसलेली. पण त्याच क्षणी बाकावरचे सगळे गुडघे एकदम ताठ झाले. गाठोड्यांवरच्या हातांनी गाठी घट्ट धरल्या. त्या एका बाकावरच्याच नव्हे. पलीकडे, जिथवर पिवळा उजेड पोचत नव्हता तिथून, आणखी मागून, पुष्कळ मागून, असंख्य माणसं एकदम उठायच्या बेतात असल्याची सळसळ आली. त्या खोलीला मागची भिंतच नव्हती.

"अजून नाही," सूयुन म्हणाली.

तिचाच आवाज तिला परका वाटला.

गुडघे पुन्हा सैल पडले. कोणीतरी उसासा टाकला. "बरं," आई म्हणाली. "मग जेवून घे. झाकून ठेवलंय."

सूयुनने दोन्ही मुठींनी ओला गाळ उचलला आणि भोक बुजवलं. बुजवून झाल्यावरही ती लिंपत राहिली. दिवे घेऊन लोक जिना उतरू लागले तेव्हा तिची नखं रक्ताळली होती.

६

"तुम्हाला माहीत होतं," ती दारातच म्हणाली.

बाबा खोलीच्या मधोमध उभे होते. तिच्या हातांकडे बघून ते हळूच खुर्चीवर बसले. कित्येक महिन्यांत तिने त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"काय सांगितलंस त्यांना?"

"अजून नाही म्हणाले."

बाबांनी डोळे मिटले. "शहाणी आहेस. मीही तेच सांगत आलो. माझी आईसुद्धा. जमिनीतून विचारायचे. कधी रोज, कधी महिनाभर नाही. कोळशाची पोती सारायची, खाली वाकायचं, अजून नाही म्हणायचं, आणि आपल्या कामाला लागायचं. एवढंच होतं ते."

"आणि आई?"

"तिला दया आली त्यांची." बाबा म्हणाले. "तिकडे पडून पडून रोज ऐकायची ना. म्हणायची, बिचारे विचारून विचारून थकले हो, कोणीतरी जाऊन नीट समजावलं पाहिजे. मी हसलो तिला. कामावर गेलो. परत आलो तर बाज रिकामी. पुढच्या वेळी खालून विचारणाऱ्यांत तिचाही आवाज होता."

"आणि तुम्ही तिलासुद्धा..."

"एवढी सगळी वर्षं."

"बोलवायचं होतंत तिला वर! सारंगीवाला काय, पळाली काय... मी तिचा तिरस्कार केला, बाबा!"

"ती एकटी असती तर बोलावलं नसतं का गं?" म्हातारा रडू लागला. "एकटी नाही ना ती."

सूयुन त्यांच्या पायाशी बसली. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "माझं काही विचारलं का तिने?"

"हो," ती खोटं बोलली. "जेवलात का म्हणून विचारलं."

७

ओयांग सरांनी भिंतीत लोखंडी सळई घालून बघितली. ती पूर्ण आत गेली आणि टोकाला गाळ घेऊन आली. पुन्हा दुसरीकडे घातली, तसाच गाळ. "भरीव आहे," ते म्हणाले. तरी भिंतीला फुगवटा आला होता, ती कोसळली तर रस्ताही जाईल, म्हणून मागची खोली न उघडता तशीच ठेवायचं ठरलं. भिंतीपुढे, कडेला हवेसाठी बारीक फट ठेवून, जाड काच बसवली आणि वसंतात सगळी जागा लोकांसाठी खुली झाली.

साफसफाईचा गट मोडला. सूयुनने देखरेख करणाऱ्यांत नाव दिलं आणि नेमकी तीच जागा मागून घेतली. गणवेश घालून ती काचेशी उभी राही. बाबा तिकीट काढून येत, समोरच्या बाकावर बसत. पाहुणे पुढच्या दालनात गेले, की दोघांपैकी कोणीतरी काचेच्या फटीशी वाकायचं. बाबांची येरझार थांबली होती. तिची सुरू झाली होती. सुट्टीच्या दिवशी तिला घर खायला उठे, अर्ध्या झोपेतून ती दचकून जागी होई. आता विचारत असतील तर? शाळांच्या सहली येत. मोठ्या आवाजाचे, हसरे, सगळ्यांशी बोलणारे लोक येत. काइफंगमध्ये लोक तेवढ्याचसाठी तर येतात, जुनं बघायला.

पावसाळ्याच्या सुमारास बाबा बाकावरच कलंडले. सूयुन त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, थकवा आहे. बाबांनी मात्र तिचा हात ढकलला. "मला काय बघतेस? तिथे कोण आहे आता?"

ती टॅक्सीने परत आली आणि जिना जवळजवळ धावतच उतरली.

काचेसमोर एक कुटुंब होतं, दूर कुठल्यातरी प्रांतातलं. नवरा फोटो काढत होता. बायको, गोल चेहऱ्याची, आनंदी बाई, काचेच्या फटीला कान लावून वाकली होती.

"काय मस्त केलंय हो यांनी," ती नवऱ्याला म्हणाली. "आतून आवाज सोडलाय. खरोखरचं कोणी विचारतंय असंच वाटतं!"

"बाई, मागे व्हा," सूयुन धापा टाकत म्हणाली. "बोलू नका—"

पण त्या बाईने, लहान मुलाशी बोलावं तसं, हसत हसत आणि मोठ्याने फटीत उत्तर दिलं होतं. "पाणी? कसलं पाणी? अहो, केव्हाचंच ओसरलं! सगळं कोरडं ठणठणीत आहे इथे. या बाहेर!"

काचेवर आतल्या बाजूने वाफ धरली.

"बघ, बघ," नवरा म्हणाला आणि त्याने फोन पुढे केला.

जिन्यावर लोक होते, दालनात लोक होते. ओरडावं, सगळ्यांना वर हाकलावं, असं सूयुनच्या मनात आलं आणि पायांपर्यंत पोचलंच नाही. विटांमागे पुष्कळ माणसं एकदम उठली. बाक मागे सरकले. कोणीतरी खोकलं. तो खोकला तिने हजारांत ओळखला असता.

तिने गणवेशाचं वरचं बटण लावलं, कपाळावर आलेले केस कानामागे सारले, आणि चिणलेल्या दाराकडे तोंड करून उभी राहिली.